मार्गनिर्धारणाची साधने आणि विमानकर्मींचे नियमपालन : महासागरी विमानमार्गांच्या इतिहासातील एक प्रश्न

१

नियमाचे पालन झाले म्हणजे नियमाचा हेतूही साध्य झाला, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. हे गृहीत किती सावधपणे घ्यावे लागते याची जाणीव विधिशास्त्राच्या अभ्यासकांना असते. तंत्रविद्येच्या इतिहासात मात्र त्याची परीक्षा क्वचितच केली जाते. विमानवाहतुकीचा इतिहास या परीक्षेसाठी विशेष उपयुक्त आहे. विमानात कोणती साधने असावीत, ती किती असावीत आणि ती हाताळणाऱ्या माणसांकडे कोणता परवाना असावा, हे या व्यवसायात जितक्या काटेकोरपणे लिहून ठेवलेले आढळते, तितके ते अन्य थोड्याच व्यवसायांत आढळेल.

१ सप्टेंबर १९८३ रोजी साखालीन बेटाच्या पश्चिमेस मोनेरॉन बेटाजवळ कोरियन एअर लाइन्सचे बोइंग ७४७ जातीचे विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडले व त्यातील २६९ माणसे मृत्युमुखी पडली. या घटनेची राजकीय बाजू बहुश्रुत आहे. तिची दुसरी बाजू अशी की, नेमलेल्या मार्गापासून शेकडो किलोमीटर दूर भरकटलेल्या या विमानात त्या काळी उपलब्ध असलेले सर्वोत्तम मार्गनिर्धारणयंत्र होते आणि तेही एक नव्हे, तर तीन. साधनांच्या यादीपुरते पाहिले, तर नियमभंग असा झालेलाच नव्हता. असे असता मार्ग चुकला कसा, आणि नियमाने नेमके काय पाहिले नव्हते, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय. त्याचे उत्तर केवळ त्या एका रात्रीत सापडत नाही. त्यासाठी सुमारे चाळीस वर्षे मागे जावे लागते.

२

१९४४ मध्ये शिकागो येथे झालेल्या करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेचा पाया घातला गेला. त्या कराराच्या परिशिष्टांपैकी पहिले विमानकर्मींच्या परवान्यांविषयीचे आणि सहावे विमानांच्या परिचालनाविषयीचे आहे. सहाव्या परिशिष्टातील एक तरतूद येथे महत्त्वाची आहे. तिचा आशय असा : सुरक्षित उड्डाणासाठी आवश्यक ते मार्गनिर्धारण वैमानिकांना आपल्या आसनावरून पुरेशा प्रमाणात करता येत नसेल, तेथे नॅव्हिगेटरचा परवाना असलेली किमान एक व्यक्ती विमानात असली पाहिजे; आणि तशी परिस्थिती आहे की नाही, हे संबंधित राष्ट्राने ठरवावे.

वरवर पाहता ही तरतूद नॅव्हिगेटरचे स्थान निश्चित करते. वस्तुतः तिने त्याच्या निवृत्तीची वाटही मोकळी ठेवली होती. वैमानिकाच्या आसनावरून ते काम पुरेसे होऊ लागेल त्या दिवशी नॅव्हिगेटरची आवश्यकता, नियमात एक अक्षरही न बदलता, संपणार होती.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत मात्र तसा दिवस दृष्टिपथात नव्हता. जमिनीवरील रेडिओस्तंभांचा टप्पा शे-दोनशे मैलांचा. त्यापलीकडे अटलांटिक महासागर. नॅव्हिगेटर सेक्स्टंटने ताऱ्यांचे उन्नतांश मोजी, युद्धकाळात निर्माण झालेल्या लोरान केंद्रांचे संकेत घेई, महासागरात ठरावीक ठिकाणी उभ्या असलेल्या हवामान-जहाजांशी संपर्क साधी, आणि वेग, दिशा व वारा यांच्या गणिताने विमानाचे अनुमानित स्थान नकाशावर मांडी. प्रत्येक साधन अपुरे होते आणि ते अपुरे आहे हे त्याला ठाऊक होते. म्हणूनच तो एका साधनाचा पडताळा दुसऱ्याने पाही. त्याच्या मेजावरील नकाशावर पेन्सिलीच्या खुणांची जी मालिका उमटे, ती विमानाच्या स्थानाविषयीची, वैमानिकांच्या कामापासून अलग अशी स्वतंत्र साक्ष असे. ‘आपण या क्षणी कोठे आहोत?’ हा प्रश्न सतत विचारणे हेच ज्याचे काम, असा एक माणूस विमानात होता.

मे १९६० मध्ये एअर इंडियाने बोइंग ७०७ विमानांनी मुंबईची सेवा लंडनमार्गे न्यूयॉर्कपर्यंत नेली, तेव्हा तिचा अखेरचा टप्पा याच महासागरावरून जात होता. अटलांटिकवरील नियमांचा प्रश्न तेव्हापासून भारतीय प्रवाशांच्याही सुरक्षिततेचा प्रश्न झाला.

३

जेट विमानांच्या आगमनाने या व्यवस्थेवर ताण आला. युरोप व अमेरिका यांतील वेळेचा फरक आणि प्रवाशांची सोय यांमुळे बहुतेक विमाने ठरावीक तासांतच निघत. अनुकूल वाऱ्याचा लाभ घ्यावयाचा तर सर्वांना जवळजवळ एकच मार्ग हवा असे. महासागरावर रडारचा डोळा पोहोचत नव्हता. एकाच उंचीवरून समांतर जाणाऱ्या दोन विमानांत १२० सागरी मैलांचे, म्हणजे दोन अक्षांशांचे अंतर ठेवणे हीच सुरक्षिततेची हमी होती. ज्या विमानाला मधला मार्ग मिळत नसे, त्याला दूरच्या मार्गाने जाऊन अधिक इंधन जाळावे लागे.

१९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास हे अंतर ९० सागरी मैलांवर आणण्याचा प्रयत्न झाला. विमानाचा भूवेग व वाऱ्याने होणारे विचलन मोजणारी डॉप्लर यंत्रे आता प्रचारात आली होती. तेव्हा मार्गनिर्धारण अधिक अचूक झाले असून कमी अंतर पुरेसे आहे, अशी विमानकंपन्यांची बाजू होती. वैमानिकांच्या संघटनांनी तिला तीव्र विरोध केला. यंत्र बसविले म्हणजे अचूकता आली हे त्यांना मान्य नव्हते. प्रत्यक्ष उड्डाणांत विमाने मार्गापासून किती ढळतात, याचा पुरावा त्यांना हवा होता. अखेरीस १२० मैलांचे अंतर पूर्ववत करावे लागले.

या वादाचा एक शास्त्रीय परिणाम चिरस्थायी ठरला. फार्नबरो येथील ब्रिटिश विमानसंशोधन संस्थेतील पीटर राइख यांनी १९६६ मध्ये टक्करीच्या संभाव्यतेचे गणिती प्रतिमान प्रसिद्ध केले. दोन मार्गांतील अंतर किती असावे हे परंपरेने वा तडजोडीने ठरविण्याऐवजी विचलनांच्या वितरणावरून ठरविता येईल, हे त्यातून दिसून आले. त्यातील मर्म असे की, नेहमी होणाऱ्या पाच-दहा मैलांच्या लहान चुकांपासून धोका फारसा नसतो. धोका असतो तो क्वचित होणाऱ्या, परंतु पन्नास-साठ मैलांच्या मोठ्या चुकांपासून. लहान चुका यंत्राच्या मर्यादेतून उद्भवतात. मोठ्या चुका बहुधा माणसाच्या हातून होतात. यंत्र सुधारल्याने पहिल्या प्रकारच्या चुका घटतात. दुसऱ्या प्रकारच्या तितक्याच घटतील, असे मानण्यास आधार नव्हता.

४

जडत्वाच्या तत्त्वावर चालणारे मार्गनिर्धारणयंत्र हे या कालखंडातील निर्णायक साधन. मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतील चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांनी १९५३ मध्ये अशा यंत्राच्या साहाय्याने बोस्टनजवळून लॉस एंजेलिसपर्यंत उड्डाण घडवून आणले होते. या यंत्राला तारे लागत नाहीत वा रेडिओसंकेतही लागत नाहीत. गतीतील प्रत्येक बदल ते स्वतः मोजते आणि आरंभस्थानापासूनच्या सर्व बदलांची बेरीज करून सद्यःस्थान सांगते. जानेवारी १९७० मध्ये बोइंग ७४७ प्रवासी सेवेत आले, ते अशी यंत्रे घेऊनच. दोन वैमानिक व एक उड्डाण-अभियंता असे त्याचे कर्मीदल होते. नॅव्हिगेटरचे मेज त्यात नव्हते. सहाव्या परिशिष्टातील तरतुदीला अपेक्षित असलेला दिवस उगवला होता.

डिसेंबर १९७७ मध्ये उत्तर अटलांटिकवर नवी नियमव्यवस्था लागू झाली. तिने साधनांच्या नावांऐवजी किमान कार्यक्षमता सांगितली. मार्गापासून होणाऱ्या विचलनाचे प्रमाण-विचलन ६.३ सागरी मैलांहून कमी असावे. मार्गापासून ३० मैल वा अधिक दूर राहण्याचा काळ सुमारे २००० उड्डाणतासांत एका तासाहून कमी असावा. आणि ५० ते ७० मैलांच्या पट्ट्यात राहण्याचा काळ सुमारे ८००० तासांत एका तासाहून कमी असावा, अशी ही त्रिविध अट होती. राइख यांच्या प्रतिमानाची छाया तिच्यात स्पष्ट दिसते. या व्यवस्थेच्या आधाराने समांतर मार्गांतील अंतर पुढे ६० सागरी मैलांवर आणण्यात आले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. साठ सागरी मैल म्हणजे बरोबर एक अक्षांश. जडत्वयंत्रात विमानकर्मी मार्गबिंदूंचे अक्षांश-रेखांश आकड्यांनी भरत असत. अक्षांशाच्या आकड्यात एकाची चूक झाली, की विमान अगदी अचूकपणे शेजारच्या मार्गावर जाऊन पोहोचणार. दोन अक्षांशांचे अंतर असताना अशी चूक विमानाला रिकाम्या आकाशात नेई. एका अक्षांशाच्या अंतरात ती त्याला दुसऱ्या विमानाच्या वाटेवर नेऊन सोडू लागली. ८ जुलै १९८७ रोजी लंडनहून निघालेले एक लॉकहीड ट्रायस्टार विमान अटलांटिकवर आपल्या मार्गापासून सुमारे साठ मैल ढळले आणि त्याच मार्गाने जाणाऱ्या बोइंग ७४७ विमानापासून शंभर फुटांच्या आत येऊन गेले. दोन्ही विमानांत मिळून सुमारे सहाशे माणसे होती. यंत्र बिघडलेले नव्हते. त्यात चुकीचा आकडा गेला असावा, असाच तर्क करण्यात आला.

५

आता १९८३ च्या घटनेकडे वळता येईल. ३१ ऑगस्ट रोजी पहाटे अलास्कातील अँकरेज येथून निघालेल्या या विमानाला बेथेल या ठिकाणावरून पुढे उत्तर पॅसिफिकवरील मार्गांपैकी सर्वांत उत्तरेकडील मार्गाने सोलला जावयाचे होते. तो मार्ग सोव्हिएत हद्दीच्या सर्वांत जवळचा होता. सोव्हिएत संघाने जपून ठेवलेल्या ध्वनिमुद्रिका व उड्डाणनोंदी संघटनेच्या हाती आल्यानंतर १९९३ मध्ये तिने जो अहवाल दिला, त्यावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात.

उड्डाणानंतर थोड्याच वेळात विमान सुमारे २४५ अंशांच्या चुंबकीय दिशेवर स्थिरावले आणि पाच तासांहून अधिक काळ, म्हणजे अखेरपर्यंत, त्याच दिशेवर राहिले. ऑटोपायलटला दिशा पुरविण्याचे अनेक पर्याय एका खटक्याने निवडता येत. त्यांपैकी एक, केवळ होकायंत्रावरील ठरावीक दिशा धरून ठेवण्याचा. दुसरा, जडत्वयंत्रात भरलेला मार्ग अनुसरण्याचा. खटका पहिल्या स्थानावरच राहिला असावा. किंवा तो दुसऱ्या स्थानावर वळविला गेला, तेव्हा विमान नियोजित मार्गापासून साडेसात मैलांहून अधिक दूर असल्यामुळे यंत्राने मार्ग पकडलाच नसावा. यांपैकी काहीही घडले असले, तरी परिणाम एकच. तीनही जडत्वयंत्रे चालू होती आणि विमानाचे स्थान मोजीत होती. परंतु विमान त्यांच्या सांगण्यावरून चालत नव्हते.

बेथेलजवळून जाताना विमान मार्गाच्या उत्तरेस बारा मैलांहून किंचित अधिक ढळले होते. तरीही बेथेल ओलांडल्याची नेहमीची वर्दी देण्यात आली. पुढे अँकरेजच्या नियंत्रणकेंद्राशी प्रत्यक्ष संपर्क होईना, तेव्हा मागून येणाऱ्या त्याच कंपनीच्या दुसऱ्या विमानाकरवी निरोप पाठविण्यात आले. दोन्ही विमानांना लागणाऱ्या वाऱ्यांत मोठी तफावत असल्याचे बोलणेही झाले. यांपैकी प्रत्येक गोष्ट स्थानाविषयी शंका उत्पन्न करणारी होती. नॅव्हिगेटरच्या नकाशावर ती कदाचित एकत्र आली असती. तीन कर्मींच्या त्या कक्षात तसा नकाशा मांडणारे कोणी नव्हते. कर्मींना परिस्थितीचे भान राहिले नाही आणि त्यांच्या कामात समन्वय नव्हता, असा अहवालाचा अभिप्राय आहे.

यावरून नॅव्हिगेटरच्या युगाची भलामण करण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. त्याच कंपनीचे एक बोइंग ७०७ विमान २० एप्रिल १९७८ रोजी पॅरिसहून ध्रुवप्रदेशावरून अँकरेजला जाताना विलक्षण वळण घेऊन सोव्हिएत हद्दीत शिरले. लढाऊ विमानाच्या माऱ्यानंतर ते कोला द्वीपकल्पाच्या दक्षिणेकडील एका गोठलेल्या सरोवरावर उतरविण्यात आले. दोन प्रवासी मरण पावले. त्या विमानात जडत्वयंत्र नव्हते, परंतु नॅव्हिगेटर होता. म्हणजे एकदा माणूस होता व यंत्र नव्हते. दुसऱ्यांदा यंत्र होते व माणूस नव्हता. दोन्ही वेळा जे नव्हते ते एकच : एका साक्षीचा दुसरीने घेतलेला पडताळा.

नियमाची मर्यादा येथे उघड होते. एक यंत्र बिघडल्यास उरलेल्या साधनांनी मार्गक्रमण करता आले पाहिजे, असे सहाव्या परिशिष्टाचे म्हणणे आहे; म्हणूनच विमानात एका यंत्राच्या जागी तीन आली. यंत्र बिघडेल, हे नियमाने धरले होते. यंत्र उत्तम चालत असता विमान त्याच्यापासून तुटलेले असेल आणि ते कोणाच्या ध्यानात येणार नाही, हे त्याने धरले नव्हते. शिवाय तीन यंत्रे म्हणजे तीन स्वतंत्र साक्षी, ही समजूतही नेहमी खरी नव्हती. एका यंत्रात भरलेले आकडे उरलेल्या दोहोंत आपोआप उतरविण्याची सोय होती. श्रम वाचविण्यासाठी ती वापरली, म्हणजे एका माणसाची एक चूक तिन्ही यंत्रे एकमुखाने सांगू लागत.

६

या अनुभवांतून अटलांटिकवरील नियमपुस्तिकांत एक साधी पद्धत रूढ होत गेली. उड्डाणाचा एकच मुख्य कागद ठेवावयाचा. मार्गबिंदू यंत्रात भरला की त्याचा क्रमांक कागदावर लिहावयाचा. दुसऱ्या कर्मीने स्वतंत्रपणे तपासल्यावर क्रमांकाभोवती वर्तुळ काढावयाचे. दोन बिंदूंमधील दिशा व अंतर पडताळल्यावर त्यावर बरोबरची खूण करावयाची. आणि बिंदू प्रत्यक्ष ओलांडल्यावर त्यावर काट मारावयाची. बिंदू ओलांडून सुमारे दहा मिनिटे झाली, की विमानाचे स्थान पुन्हा नकाशावर मांडून पाहावयाचे. नॅव्हिगेटर गेला, तरी त्याची पेन्सिल या पद्धतीने परत आणली, असे म्हणता येईल. येथे नियम वस्तूवरून कृतीकडे वळतो. अवधान दृश्य नसते, म्हणून त्याची तपासणी करता येत नाही. पण अवधानाने कागदावर खूण उमटवावी, अशी सक्ती करता येते. अर्थात खूण करणारा हात आणि पाहणारा डोळा एकत्र असतीलच, याची हमी तीही देत नाही.

१६ सप्टेंबर १९८३ रोजी अमेरिकेने आपली उपग्रहाधिष्ठित स्थाननिर्णयपद्धती पूर्ण झाल्यावर नागरी वाहतुकीस खुली करण्याचे घोषित केले. मे १९८४ मध्ये शिकागो करारात दुरुस्ती संमत होऊन नागरी विमानांविरुद्ध शस्त्रप्रयोग टाळण्याचे बंधन त्यात नमूद झाले. उपग्रहसंकेतांत हेतुपुरस्सर राखलेली अचूकतेची घट मे २००० मध्ये दूर करण्यात आली आणि स्थान काही मीटरांपर्यंत कळू लागले. मार्गनिर्धारणाचा प्रश्न आता मिटला, असे वाटण्याजोगी ही प्रगती होती.

परंतु अचूकतेने एक नवा धोका निर्माण केला. पूर्वी विमाने मार्गाच्या आजूबाजूला विखुरलेली असत. उंचीची चूक होऊन दोन विमाने एकाच पातळीवर आली, तरी हे विखुरलेपणच त्यांना बहुधा वाचवी. आता सर्व विमाने मार्गाच्या मध्यरेषेवरच असतात. म्हणून २००४ पासून उत्तर अटलांटिकवर वैमानिकांनी मार्गाच्या उजवीकडे एक वा दोन मैल सरकून उडण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. जे विचलन दूर करण्यासाठी चाळीस वर्षे खटपट झाली, ते ठरवून व मोजून पुन्हा आणावे लागले.

२९ सप्टेंबर २००६ रोजी ब्राझीलच्या अरण्यावर, ३७००० फुटांच्या उंचीवर, परस्परांच्या दिशेने येणारी दोन विमाने एकाच मार्गरेषेवर एकमेकांवर आदळली. बोइंग ७३७ मधील सर्व १५४ माणसे ठार झाली. लेगसी जातीचे दुसरे विमान मात्र एका लष्करी तळावर उतरू शकले. दोन्ही विमानांत टक्कर टाळण्याची सूचना देणारी यंत्रे होती. परंतु लेगसीचा ट्रान्सपाँडर त्यापूर्वी बराच वेळ संकेत देईनासा झाला होता. त्यामुळे दोन्ही यंत्रे परस्परांना अदृश्य राहिली. कर्मींना हे कळले नाही, आणि नियंत्रकांनीही वेळीच उपाय केला नाही. साधन होते, परंतु ते कार्यरत आहे की नाही हे पाहिले गेले नाही. तेवीस वर्षांपूर्वीचा प्रश्न वेगळ्या साधनाच्या रूपाने पुन्हा उपस्थित झाला होता.

२०२३ च्या उत्तरार्धापासून इराक-इराण सीमाप्रदेशात प्रवासी विमानांना खोटे उपग्रहसंकेत मिळू लागले. काही विमानांत या संकेतांनी जडत्वयंत्रांची स्थाननोंदही दूषित झाली, कारण आधुनिक व्यवस्थेत ती उपग्रहाच्या आधाराने दुरुस्त केली जात असे. मुंबई-दिल्लीहून पश्चिमेकडे जाणारे मार्ग याच भागाजवळून जातात. नोव्हेंबर २००३ नव्हे, तर नोव्हेंबर २०२३ मध्ये, म्हणजे उपग्रहपद्धती सर्वमान्य होऊन दोन दशके लोटल्यावर, भारताच्या नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाला या विषयावर परिपत्रक काढावे लागले, ही गोष्ट बोलकी आहे.

७

या इतिहासाचे तीन टप्पे दिसतात. प्रथम नियमाने माणूस मागितला. नंतर यंत्र मागितले. त्यानंतर कार्यक्षमतेचा आकडा मागितला. प्रत्येक टप्प्यावर मागणी अधिक शास्त्रशुद्ध झाली आणि विमानप्रवास अधिक सुरक्षित झाला, यात संशय नाही. तथापि मागितलेली वस्तू आणि तिच्याकडून अपेक्षित असलेले कार्य यांच्यामध्ये दर वेळी एक फट राहिली. ती भरून काढण्याचे काम विमानकर्मींच्या जागरूकतेवर पडले. ज्या साधनाची चूक क्वचितच होते, त्याच्याकडे संशयाने पाहण्याची सवय टिकविणे हे त्यांच्या नियमपालनातील सर्वांत कठीण अंग होय.

संशोधकांच्या दृष्टीने आणखी एका गोष्टीचा उल्लेख आवश्यक आहे. अपघातांचे अहवाल जपले जातात. वर्तुळे, बरोबरच्या खुणा व काटा असलेले रोजचे कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट केले जातात. परिणामी नियमभंगाचा इतिहास लिहिणे सोपे होते आणि नियमपालनाचा इतिहास साधनांवाचून राहतो. असंख्य रात्री दुसऱ्या कर्मीने आकडा पुन्हा वाचला, एका अंशाची चूक हेरली आणि ती खोडली. त्या रात्रींचा अहवाल निघाला नाही. महासागरी विमानमार्गांच्या सुरक्षिततेचा मोठा वाटा अशा न लिहिल्या गेलेल्या दुरुस्त्यांचा आहे, हे ध्यानात ठेवूनच उपलब्ध अहवालांचे वाचन केले पाहिजे.